आईला घेऊन स्ट्रासबुर्गला दोन मुक्काम : काय पाहावे, काय सोडावे?

दारव्ह्याचे_गुरुजी

नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि घरची कोरडवाहू शेती आहे. लेक व जावई जर्मनीतील कार्ल्सरूह येथे नोकरीला असल्यामुळे, शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर आणि पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, मी, सौ., सत्तरी ओलांडलेली आई आणि आठवीतला मुलगा असे चौघे त्यांच्याकडे जाणार आहोत. एक मेच्या सुट्टीला जोडून जावयांनी रजा काढली असून, सीमेपलीकडच्या स्ट्रासबुर्ग या जुन्या फ्रेंच शहरात ३० एप्रिलपासून दोन मुक्काम करावेत असे त्यांचे म्हणणे आहे. इकडे नातेवाईक मात्र, एवढ्या दूर गेलाच आहात तर पॅरिसही उरकून या, असा आग्रह धरत आहेत.

आईचे गुडघे दुखतात, ती माळकरी असल्यामुळे सामिषाचा स्पर्शही तिला चालत नाही, आणि आमचा व्हिसा जर्मनीच्या वकिलातीने दिलेला आहे. अशा परिस्थितीत बेत कसा आखावा, हे जाणकारांनी सांगावे.

ऱ्हाइनकाठचा_वणीकर

गुरुजी, नमस्कार. मी मूळचा वणीचा, सध्या स्ट्रासबुर्गच्या समोर, ऱ्हाइनच्या जर्मन काठावरील केल या गावी राहतो.

व्हिसाची काळजी करू नका. तुमचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामायिक, असल्यामुळे तो फ्रान्समध्येही चालतो. मात्र परतताना जर्मन पोलीस गाडीत तपासणी करू शकतात, म्हणून चौघांचेही मूळ पासपोर्ट जवळ असू द्या. कार्ल्सरूहहून वेगवान रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटांत स्ट्रासबुर्ग येते. तेथून पॅरिस पावणेदोन तासांवर आहे हे खरे, आणि नेमका तोच मोह घात करतो. आईंना घेऊन एका दिवसात पॅरिसला जाऊन येणे म्हणजे स्टेशने पाहणे होय. जवळचे कोल्मार हे शहरही या खेपेला नको.

जुने शहर इल नदीच्या दोन शाखांनी वेढलेल्या बेटावर वसले असून १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या मधोमध गुलाबी वालुकाश्माचे कॅथेड्रल आहे. त्याचा मनोरा १४३९ मध्ये पूर्ण झाला. उंची १४२ मीटर, आणि १६४७ ते १८७४ या काळात जगात त्याहून उंच इमारत नव्हती. जोडीचा दुसरा मनोरा कधी उभा राहिलाच नाही, त्यामुळे इमारत एका बाजूने रिकामी वाटते. मला ती तशीच आवडते. सुमारे ६६ मीटर उंचीवरच्या गच्चीपर्यंत ३३० च्या आसपास पायऱ्या आहेत. मुलाला जरूर पाठवा, आईंना नको.

आईंसाठी आत खगोलीय घड्याळ आहे. सध्याची यंत्रणा श्विल्गे नावाच्या कारागिराने १८३८ ते १८४२ या काळात बसवली. दुपारी साडेबाराला येशूच्या मूर्तीसमोरून बारा शिष्य एकेक करून जातात आणि वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. साडेबारालाच का, असे मुलगा विचारील. हे घड्याळ शहराच्या स्थानिक वेळेवर चालते. ती अधिकृत वेळेच्या सुमारे अर्धा तास मागे असल्यामुळे त्याचे बारा तेव्हा वाजतात. या खेळाला वेगळे तिकीट असते व दारे आधीच बंद होतात, म्हणून पावणेबाराला हजर राहा. त्याआधी दर पाव तासाला बालक, तरुण, प्रौढ आणि वृद्ध यांपैकी एकेक जण मृत्यूच्या सांगाड्यासमोरून जातो, त्याकडेही लक्ष असू द्या.

घड्याळाजवळच्या कठड्यावर रेललेला एक दगडी माणूस समोरच्या देवदूतांच्या खांबाकडे टक लावून पाहत असतो. हा खांब टिकणार नाही, अशी पैज त्याने मारली होती आणि तो पडेपर्यंत हटायचे नाही म्हणून तो तेथेच थांबला, अशी दंतकथा आहे. खांब आठशे वर्षे उभा आहे.

मुक्काम केलमध्ये करा. हॉटेल स्वस्त पडते आणि २०१७ पासून ट्रॅम थेट ऱ्हाइन ओलांडून शहरात जाते.

निवृत्त_पाटबंधारे

वणीकरांच्या बाकीच्या सूचना योग्य आहेत, पण मुक्कामाबाबत मी सहमत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुपारी दोन तास पाठ टेकायला जागा लागते, आणि ती चालत जाण्याच्या अंतरावर हवी. चार पैसे जास्त गेले तरी बेटावरच उतरा.

गुरुजी शेतकरी आहेत म्हणून एक ठिकाण आवर्जून सुचवतो. शहराच्या नैर्ऋत्येला, जेथे इल नदी जुन्या शहरात शिरते, तेथे वोबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार १६९० च्या सुमारास पूर्ण झालेला दगडी बंधारा आहे. बांधणी आपल्याकडच्या दरवाजांच्या बंधाऱ्यासारखीच, हेतू मात्र उलटा : शत्रू आला की दरवाजे पाडायचे, पाणी तुंबवायचे आणि दक्षिणेकडची शेते बुडवून त्याची वाट अडवायची. १८७० च्या जर्मन सैन्याच्या वेढ्यात हा उपाय प्रत्यक्षात आणला गेला. शहर तरीही पडले आणि १९१८ पर्यंत जर्मनीकडे राहिले. बंधाऱ्याच्या छतावर फुकट जाता येते आणि समोर जुन्या पुलांचे बुरूज, त्यांच्यामागे कॅथेड्रल, असे सारे एका नजरेत दिसते.

बंधाऱ्याला लागूनच ‘पेटिट फ्रान्स’ ही चर्मकार, कोळी व गिरणीवाल्यांची जुनी वस्ती आहे. लाकडी सांगाड्याच्या घरांची उतरती छपरे पाहताना माळ्यांवरच्या उघड्या सज्ज्यांकडे पाहा. कातडी वाळवण्यासाठी वारा खेळावा म्हणून त्या ठेवल्या होत्या. लोक खिडकीतल्या फुलांचे फोटो काढून पुढे जातात. आईंना हा भाग काचेच्या छताच्या नावेतून दाखवा. सव्वा तासाच्या आतबाहेर फेरी होते आणि वाटेत जलपाशातून (दरवाजे लावून पाण्याची पातळी वाढवणाऱ्या कप्प्यातून) नाव वर चढते, ते मुलाला समजावून सांगा.

वेळ उरला तर प्लास द ला रेप्युब्लिक या चौकातील १९३६ चे युद्धस्मारक पाहा. एका आईच्या मांडीवर दोन मरणासन्न मुलगे आहेत, एक फ्रान्ससाठी लढलेला आणि दुसरा जर्मनीसाठी. कोणाच्याही अंगावर गणवेश नाही. १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा देश बदललेल्या प्रदेशाचा इतिहास मुलाला शिकवायचा तर पुस्तकापेक्षा तेथे उभे राहून शिकवा.

चांदूरची_सून

काका, खाण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. तेथे जागोजागी ‘तार्त फ्लांबे’ मिळते : पापडासारखी पातळ लाटलेली पोळी, त्यावर घट्ट साय व कांदा. दिसायला निरुपद्रवी, पण त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. ‘सां लार्दाँ’ असे सांगितले की ते न घालता करून देतात. तरी भट्टी आणि पाटा तोच असल्यामुळे आजींना ते रुचेल असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी लेकीच्या घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे बांधून न्या. शक्य झाल्यास स्वयंपाकाची सोय असलेली खोलीच घ्या, म्हणजे रात्री गरम खिचडी टाकता येईल.

उपाहारगृहांत जेवण दुपारी बारा ते दोन आणि नंतर थेट संध्याकाळी सातच्या सुमारास मिळते. घड्याळाचा खेळ आटोपून बाहेर पडेपर्यंत पाऊण वाजतो, हे ध्यानात ठेवा. आणखी एक : इकडून जाताना पेढे, खवा किंवा तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत आणि ते विमानतळावर काढून घेतले जातात. चिवडा, शंकरपाळे खुशाल न्या, फक्त शंकरपाळे तेलात तळलेले असू द्या.

आपल्याकडे तेव्हा पारा चव्वेचाळीसकडे झुकलेला असेल. तेथे सकाळी स्वेटर लागेल. अंधार रात्री पावणेनऊनंतर पडतो, त्यामुळे जेवणानंतरही आजींना नदीकाठी बसवता येईल.

दारव्ह्याचे_गुरुजी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॅरिसचा विषय घरात मिटला आणि बेटावरची, स्वयंपाकाची सोय असलेली खोली जावयांनी पाहून ठेवली. एकच शंका राहिली : एक मे रोजी तेथे काय उघडे असते?

ऱ्हाइनकाठचा_वणीकर

जवळपास काहीच नाही. फ्रान्समध्ये तो दिवस कडक सुट्टीचा असतो. दुकाने व संग्रहालये बंद, आणि ट्रॅम मिळेल असे धरून चालू नका. या एका कारणासाठी बेटावर राहण्याचा साहेबांचा सल्ला मलाही मान्य आहे. ३० तारखेला सकाळच्या गाडीने येऊन घड्याळ त्याच दुपारी पाहून घ्या आणि जेवणाचे सामानही त्याच दिवशी भरा. एक तारीख गल्ल्या आणि बंधारा पायी, थांबत थांबत पाहण्यासाठी ठेवा. नाव आणि चौकातले स्मारक दोन तारखेला. त्याच दिवशी ट्रॅमने ओरांजरी बागेतही जाऊन या. तेथे करकोचे उंच झाडांवर घरटी करतात आणि त्या सुमारास पिल्ले असण्याचा संभव असतो. संध्याकाळची परतीची गाडी मात्र आधीच आरक्षित करा, कारण सुट्टीला जोडून आलेल्या दिवसांत जागा लवकर भरतात.