मदत हवी आहे: व्यसनमुक्ती केंद्राचा सक्सेस रेट खरा किती, हे कसं तपासायचं?

माझ्या धाकट्या भावाला दारू सोडायचीय, यावेळी तो स्वतःहून तयार झालाय म्हणून मला घाईत चुकीचं केंद्र निवडायचं नाहीये. आधीच्या एका ठिकाणी "आमच्याकडचे बहुतेक सगळे बरे होतात" असं सांगितलेलं, तो बाहेर आल्यावर तीन महिन्यांत परत प्यायला लागला आणि तिथून एकदाही साधा फोन आला नाही.

आता मी जरा वाचलंय, तर लक्षात आलं की सगळा खेळ कोणाला मोजलं यावर आहे. समजा 100 जण भरती झाले, 40 मधेच निघून गेले, उरलेल्या 60 पैकी 45 जण डिस्चार्जला दारूपासून लांब होते, तर केंद्र 75 टक्के म्हणणार, पण खरं बघितलं तर 45च ना? आणि डिस्चार्जच्या दिवशीचं मोजून काय उपयोग, आत दारू मिळतच नाही, खरी परीक्षा घरी आल्यावर, निदान वर्षभराने तरी बघायला हवं. फोन न उचलणारे बरे झालेत असं कसं धरायचं?

ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा घरच्यांसाठी केंद्र शोधलंय त्यांनी प्लीज सांगा, केंद्राकडे नेमके कोणते आकडे मागायचे? पेशंटच्या शब्दावर विसंबतात की टेस्टही करतात, हे विचारलेलं चालतं का? आणि पूर्ण सुटली नाही पण पिण्याचे दिवस कमी झाले, झोप-काम-घरातली भांडणं सुधारली, तर त्याला यश धरतात का? मला तरी धरावं असं वाटतं.