चिनूला पहिलीत कुठे घालू? गावातली शाळा की विशेष शाळा?

चिनूचीआई_आष्टा:
नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर समजून घ्या.

चिनू जूनमध्ये सहा वर्षांचा होईल. साडेतीनचा होता तेव्हा ऑटिझम (स्वमग्नता) आहे असं कळलं. बोलतो, पण सुटे शब्द, नाहीतर जाहिरातीतली अख्खी वाक्यं. डब्यात काय खाल्लं ते सांगता येत नाही. पण आष्टा स्टँडवर नेलं की इस्लामपूर, कराड, सातारा, सगळे बोर्ड धडाधड वाचतो. कुणी शिकवलेलं नाही, एसटी बघून बघूनच वाचायला शिकला.

गावातल्या मराठी शाळेत आमची मोठी चौथीला आहे. तिथे पहिलीच्या वर्गात ४८ मुलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अर्धा दिवस बसवून बघा, वर्गाला त्रास झाला तर पुढचं पुढे." नाही म्हणाल्या नाहीत, पण सगळं बोलणं वर्गाला काय होईल याचंच. चिनूला काय होईल ते कुणी विचारलंच नाही. बालवाडीच्या गॅदरिंगला स्पीकरच्या आवाजाने त्याने स्वतःचा हात चावून रक्त काढलं होतं. बाईंनी मला फोन केला तो अर्ध्या तासाने. त्यामुळे भीती बसलीय.

दुसरी शाळा सांगलीत, विशेष मुलांची. वर्गात नऊ मुलं, बहुतेक गतिमंद. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी चिनूला तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायला दिलं. सांडलं की फडकं हातात. वीस मिनिटं तो तेच करत होता, एकदाही कानावर हात गेला नाही. मग उठला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत सुटला. ताई म्हणाल्या, "वाचणारा आमच्याकडे हा एकटाच असेल." तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. जिथे कुणी फारसं बोलत नाही, तिथे हा बोलायला कुणाकडून शिकणार?

सासूबाई म्हणतात, "एकदा तिथं घातला की शिक्का बसला बघ." मिस्टर म्हणतात, तू ठरवशील ते. मला तेच जड जातंय.

कोथरूडचे_बाबा:
ताई, माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. आम्ही त्याला हट्टाने साध्या शाळेत ठेवला. तक्रार नाही, फोन नाही, प्रगतिपुस्तकावर "शांत मुलगा". आम्ही खूश. तिसरीत एकदा सहज दप्तर काढलं. परिसर अभ्यासाची वही उघडली तर पहिल्या पानावर तारीख आणि विषय, खाली कोरं. दुसऱ्या पानावर तारीख आणि विषय, खाली कोरं. जूनपासून दिवाळीपर्यंत अख्खी वही तशी. फळ्यावरची तारीख तो रोज सुंदर अक्षरात उतरवत होता, त्यानंतर दिवसभर त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी ती वही जपून ठेवलीय.

चौथीनंतर विशेष शाळेत घातला. तिथे दोन वर्षांत स्वतःची आंघोळ, दुकानातून दूध आणणं आणि "मला नको" म्हणणं शिकला. आता एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) दहावीचे विषय एकेक करून देतोय. शिक्क्याचं म्हणाल तर तो त्या कोऱ्या वहीनेही बसतच होता, फक्त आम्हाला दिसला नाही. मी तुमच्या जागी असतो तर सांगलीला घातलं असतं.

माणदेशी_मीरा:
बाबांचं वाचून गलबलून आलं, पण माझा अनुभव वेगळा आहे, तोही सांगते. माझी मुलगी आमच्या गावच्या झेडपीच्या शाळेत तिसरीत आहे. पट कमी, तिच्या वर्गात चौदा मुलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात, तेवढंच. बाकी सगळं गुरुजींवर.

तिला घंटेचा त्रास. दर तासाला दचकायची, टेबलाखाली जाऊन बसायची. गुरुजींनी महिनाभर बघितलं आणि घंटेचा हातोडा तिच्याच हातात दिला. घड्याळ बघून आता तीच घंटा देते. आवाज तोच, पण कधी होणार ते तिला माहीत असतं, म्हणून चालतो. सुट्टी व्हायला आली की पोरं तिच्याभोवती गोळा होतात, "दे ना गं, दे ना". ती पहिल्यांदा दुसऱ्या मुलाशी बोलली ते तिथेच. म्हणाली, "थांब. दोन मिनिटं."

हे विशेष शाळेत झालं नसतं असं माझं मत. पण ४८ मुलांच्या वर्गात झालं असतं का, तर तेही नाही. सगळं त्या एका माणसावर आहे.

विशेष_शिक्षिका_नाशिक:
मी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली विशेष शिक्षिका आहे, दोन्ही प्रकारच्या शाळांत काम केलंय. आधी हक्काचं सांगते, कारण मुख्याध्यापिकांनी "बसवून बघा" म्हणणं मला खटकलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जवळची शाळा की विशेष शाळा हे निवडायचा अधिकारही कायद्यानेच दिलाय. म्हणजे साध्या शाळेतला प्रवेश ही मेहेरबानी नाही. त्यासाठी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. सिव्हिलला ऑटिझम किती आहे ते ठरवायला इसा नावाची चाळीस मुद्द्यांची चाचणी घेतात. पुढे दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मागतानाही हेच कागद लागतात.

आता चिनूचं. फक्त बोर्ड वाचतो हे बघून मुलाला "हुशार आहे, साध्या शाळेत चालेल" म्हणू नका. तो वाचतो ते त्याला समजतं का, हे तपासा. "कराड" वाचतो, पण "चप्पल आण" असं लिहून दिलं तर आणतो का? आणत असेल तर कुठल्याही शाळेत लिहून दिलेल्या सूचनांवर त्याचा दिवस नीट लागेल. आणि विशेष शाळेतल्या ताईंना विचारा, वाचणाऱ्या मुलासाठी तुम्ही वेगळं काय करणार? उत्तर "सगळ्यांबरोबरच बसेल" असं आलं तर मीही दोनदा विचार करेन. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासाठी बसणारी बाई, ठेवायचा सल्ला कुणी देईल. ती मुलाला वर्गाशी जोडणारी हवी. मी अशाही बघितल्यात ज्या मुलासाठी सगळं स्वतःच लिहून टाकतात.

चिनूचीआई_आष्टा:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा, त्या वहीमुळे मला रात्री झोप आली नाही.

चिठ्ठीवर "चप्पल आण" लिहून दिलं. चिनूने मोठ्याने वाचलं, चिठ्ठी खिशात घातली आणि माझी चप्पल आणली. मग "पाणी दे" लिहिलं, पेला घेऊन आला. तोंडी सांगून हे कधी झालं नव्हतं. आता घरभर चिठ्ठ्या आहेत, मोठी मुलगीही लिहिते.

ती चिठ्ठी घेऊनच सांगलीला गेले. ताईंनी ती उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, मग त्याचा रोजचा दिवस आम्ही लिहूनच भिंतीवर लावू. गावातल्या शाळेतही गेले. मुख्याध्यापिका तेच बोलल्या, पण पहिलीच्या बाईंनी व्हरांड्यात थांबवून विचारलं, "त्याला आवडतं काय हो?" सांगलीच्या शाळेला शनिवारी सुट्टी असते. या बाई म्हणाल्या, शनिवारी सकाळी बहिणीबरोबर पाठवा, कवायत आणि खेळाला माझ्याजवळ थांबेल.

तेव्हा यंदा सांगली, आणि शनिवारी गाव. एक वर्ष असं करून बघते. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, काल म्हणाल्या, "सकाळची एसटी कितीची हाय?" तिकीट माझं आणि चिनूचं, दोघांचंही अर्धंच. परवा सरावाला नेलं तर तुंग गेलं तसा चिनू माझा पदर ओढून "डिग्रज" म्हणाला. पुढचा थांबा तोच होता.

सांगली सिव्हिलला सर्टिफिकेटसाठी कोणत्या वारी जायचं, कुणाला माहीत असेल तर कळवा.