बारावीला जर्मनमध्ये ९४, तरी कॉलेजात ए-वनला, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला बसवलं. काय करू?

सिडकोची_मुलगी:
अकरावी-बारावीला हिंदीऐवजी जर्मन घेतली होती, ९४ पडले. आता एफवायला जर्मनच्या वर्गासाठी लेव्हल टेस्ट झाली. थेट ए-टूला, म्हणजे दुसऱ्या पातळीला बसवतील असंच धरून चालले होते. लेखी छान गेली. मग मॅडमनी रेल्वेची घोषणा ऐकवली. गाडी ९:३४ ला होती, मी ९:४३ लिहिलं. तोंडीला विचारलं, काल काय केलंस? परफेक्टचे, म्हणजे भूतकाळाचे तक्ते पाठ आहेत, पण तोंडातून वाक्य निघेना. बाबा म्हणतात, दोन वर्षं क्लासची फी भरली ती कशाला? मॅडमना विनंती करू, की जपानी घेऊ? तिथे सगळेच पहिल्यापासून सुरू करतात.

गंगापूर_रोड:
मी तुझ्या जागी होतो. हट्ट करून वरच्या वर्गात बसलो. व्याकरण निभावलं, पण वर्गात सर बोलायचे तेव्हा अर्धं डोक्यावरून जायचं आणि विचारायची लाज वाटायची. पुढे पुण्याला मॅक्सम्युलर भवनात बी-वन, म्हणजे ए-टूच्या पुढच्या पातळीची परीक्षा दिली. त्यात वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. श्रवणात ५२ आले. पाया कच्चा राहिला की तो असा वर येतो. विनंती करू नकोस.

आणि ते ३४ चं: जर्मनमध्ये 'फीअर-उंट-ड्रायसिश', म्हणजे आधी चार, मग तीस. आपलं चौतीस तसंच आहे की! इंग्रजीतून थर्टी-फोर करत बसलीस की आकडे उलटतात. ऐकताना मनात मराठी आकडा धर.

शिकवते_नाशिकरोड:
बाळा, मार्क खोटे नाहीत, पण ते मुख्यतः लेखी पेपरचे आहेत. लेव्हल टेस्ट कान आणि जीभही बघते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे मॅक्सम्युलर भवनाच्याच) साइटवर ए-वनचा नमुना पेपर फुकट आहे. श्रवणाचे १५ प्रश्न घरी सोडव, मग ठरव. 'इश श्टेहे उम झेक्स उअर आउफ' (मी सहा वाजता उठते) हे वाक्य ऐकून पाहा. 'आउफ' येईपर्यंत 'उठते' कळतच नाही. शेवटच्या शब्दापर्यंत थांबायची सवय कानाला लावावी लागते, तीच तुला लागलेली नाही.

जपानी रागाने घेऊ नकोस. हिरागाना-काताकाना या दोन लिप्यांची ४६-४६ अक्षरं आणि वर कांजी, म्हणजे चिनी चिन्हं. जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या पातळी-परीक्षेत तोंडी परीक्षाच नसते, म्हणजे बोलण्याची भीती तशीच राहील. आवड असेल तर जरूर घे.

सिडकोची_मुलगी:
ताई, काल रात्री पेपर लावला. १५ पैकी ८. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनीही कान देऊन ऐकलं. ए-वनलाच बसते. सोमवारी पहिला तास आहे.