आकाशात काही होत नाही, मग एरोबॅटिक विमान उतरतानाच काहून मोडते?

कामठ्याचा दादा
नमस्कार मंडळी. आमचं शेत बिरसी विमानतळाच्या अंगाला, त्यामुळे शिकाऊ विमानं रोज डोक्यावरून उतरतात. लहान बहिणीला कमर्शियल लायसन्स झाल्यावर एरोबॅटिक्स, म्हणजे विमानाच्या हवेतल्या कसरती, शिकायचं आहे. बाबा उलटं उडण्याला भेतात. मी मात्र पिट्स आणि एक्स्ट्रा या कसरतीच्या विमानांचे व्हिडिओ पाहिले, तर वर सगळं ठीक होते आणि धावपट्टीवर टेकल्यावर विमान गर्रकन फिरते. एवढी मजबूत विमानं, मग असं काहून?

नागपुरी
आडवा वारा असंन भाऊ. नाहीतर जोरात आपटवत असतील.

वरोऱ्याचे काका
वारा निमित्त असते, खरी गोम चाकांच्या जागेत आहे. बिरसीला तू पाहतो त्यांच्या नाकाखाली चाक असते. पिट्स, एक्स्ट्राचं तिसरं चाक शेपटीला. मुख्य चाकं पुढं आणि वजनाचा मध्य त्यांच्या मागं. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना जराशी तिरपी झाली की आणखी तिरपी होत जाते ना, तसंच. नाक थोडं वळलं की मागचं वजन पुढं यायला पाहते आणि वळण आपोआप वाढते. याला ग्राउंड लूप म्हणतात. पंखाचं टोक घासते, चाकाचा पाय मुडपतो, कधी प्रॉपेलर जमिनीला लागते. मग इंजिन पूर्ण उघडून तपासणं आलं.

मी फ्लाइंग क्लबात पुष्पकवर मेकॅनिक होतो. एचएएल या सरकारी विमान कंपनीचं हे विमान 1958 साली पहिल्यांदा उडालं, तेही शेपटीच्या चाकाचंच. पण ते संथ, पायलटला सावरू देणारं. पिट्सचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 6 मीटर, अंग आखूड, फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखामागून खाली करायच्या झडपा, नाहीत. इंजिन कमी केलं की दगडासारखं खाली येते. त्यात समोरचं नाक धावपट्टी झाकून टाकते, म्हणून वळत वळत किंवा तिरपं सरकवत उतरवतात. टेकल्यावर फक्त दोन्ही बाजूंच्या कडा दिसतात, त्यांच्यावरूनच सरळ रेषा धरायची.

माझ्या मते टेकण्यापेक्षा त्यानंतरचे काही सेकंद जास्त वाईट. वेग उतरला की रडरला, म्हणजे नाक वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या पात्याला, हवा मिळत नाही, आणि नेमकं तेव्हाच माणूस मनानं उतरून मोकळा झालेला असतो. उसळी बसली तर स्टिक पुढं ढकलू नये, पॉवर देऊन परत वर जावं. तेव्हाही उजवा पाय तयार पाहिजे, पॉवर दिली की नाक डावीकडं ओढते.

कामठ्याचा दादा
काका, अगदी नीट समजलं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर आणखीच कठीण?

वरोऱ्याचे काका
हो ना. 45 अंशांत हवा विरळ, त्यामुळे काट्यावर वेग तोच दिसला तरी जमिनीवर विमान जास्त वेगानं धावते. दुपारी वावटळी वेगळ्या. असं उड्डाण सकाळीच करावं.

बाबांना सांग, लूप, म्हणजे हवेतला उभा गोल फेरा, पुरेशी उंची ठेवून करतात, चुकलं तर सावरायला खाली जागा असते. उतरताना ती नसते. वेग कमी असल्यानं आणि पट्टे घट्ट असल्यानं ग्राउंड लूपमध्ये माणूस बहुतेक वेळा सुखरूप निघतो, पण त्या भरवशावर राहू नका. पोरीला आधी शेपटीच्या चाकाच्या साध्या विमानावर चांगल्या प्रशिक्षकासोबत उतरणं शिकू द्या, लूप-रोल त्यानंतर. शाळा निवडताना विचारा, एकटीला सोडण्याआधी आडव्या वाऱ्यात किती लँडिंग करून घेता? उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी शाळा पाहा, बेटा.