इतिहास संशोधन स्पर्धा: नववीच्या मुलांकडून मूळ साधनांवर काम कसं करून घ्यायचं? (सोलापूर)

प्रश्न: वर्गशिक्षिका_नववी_ब

नमस्कार. शाळा सोलापुरातली, मराठी माध्यमाची. जिल्हा पातळीवरच्या इतिहास संशोधन स्पर्धेत तीन गट उतरवायचे आहेत. 2500 शब्दांपर्यंतचा लेखी प्रकल्प, एक फलक, संदर्भसूची आणि परीक्षकांसमोर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं असं स्वरूप आहे. 'मूळ साधनांवर आधारित' ही अट ठळक अक्षरांत छापलीय. मुलांनी विषय आणलेत: चार हुतात्मे, सोलापुरी चादर, गड्ड्याची यात्रा (संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा). तिन्हींवर नेटवर ढीगभर मजकूर आहे आणि मुलं तोच उतरवून आणतात. विषय बदलायला लावू की याच विषयांतून काही निघेल? निघत असेल तर सुरुवात कुठून करायची? जुलै ते नोव्हेंबर एवढा वेळ हातात आहे.

उत्तर: दप्तरखाना

मॅडम, विषय बदलू नका. मुलांनी विषय आणलेत, प्रश्न आणलेला नाही, अडचण एवढीच आहे. 'चार हुतात्मे' या विषयावर मुलं चरित्रच लिहिणार, दुसरं काय करतील?

पहिले दोन आठवडे फक्त तारखांचा तक्ता करून घ्या. 8 मे 1930 चा गोळीबार, 12 मे ते 30 जून मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी. आता मुलांना तक्त्यातली मोकळी जागा दाखवा. फाशी मार्शल लॉ चालू असतानाच झाली असं पुष्कळ मुलं लिहितात. प्रत्यक्षात लष्करी अंमल उठल्यानंतर साडेसहा महिने गेलेत. त्या महिन्यांत खटला कसा चालला, वर्तमानपत्रांत काय छापून येत होतं, शिक्षा टळावी म्हणून कोणी काय केलं? त्यातून एक प्रश्न निवडायचा, उदाहरणार्थ: '1 जुलै 1930 ते 12 जानेवारी 1931 या काळात केसरीने सोलापूरच्या खटल्याची बातमी कशी दिली?' एक वर्तमानपत्र, साडेसहा महिने. नववीच्या गटाच्या आवाक्यातलं काम आहे, आणि असा प्रश्न घेतला की कुठून उतरवताच येत नाही.

प्रश्न ठरवताना साधन आधी बघा. प्रश्न सुंदर आणि कागद कुठेच नाही, अशाने प्रकल्प सप्टेंबरमध्ये बसतो. केसरीचे जुने अंक बघायला मिळतात का, हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुठल्या सालांच्या फाइली आहेत, हे प्रश्न पक्का करण्याआधी विचारून घ्या. जाताना शाळेच्या लेटरहेडवर पत्र न्या. त्यात मुलांची नावं, विषय आणि नेमकी कुठली सालं बघायची ते लिहा. 'स्वातंत्र्यलढ्याची माहिती हवी' असं लिहिलं तर समोरचा माणूस काढून काढून काय काढणार? 'जुलै ते डिसेंबर 1930 चे अंक' म्हटलं की तो कपाट उघडतो.

सरकारी बाजू हवी असेल तर मुंबईच्या पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जिथे जपून ठेवतात तिथे) गृह विभागाच्या 'स्पेशल' शाखेच्या फाइली आहेत. नेटवर शोधताना एक लक्षात ठेवा: ब्रिटिश कागदांत गावाचं नाव 'शोलापूर' आहे, इंग्रजीत एस नंतर एच. आजचं स्पेलिंग टाकलं तर निम्मं काही सापडत नाही. 1884 चं शोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तिका), मुंबई इलाख्याचा खंड 20, स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहे. पण तिथलं वाक्य म्हणजे अंतिम सत्य नव्हे. ते एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत मांडायला हवं. अक्कलकोटचा मुलगा गटात असेल आणि त्याला गावाचं काही करायचं असेल तर अक्कलकोट तेव्हा संस्थान होतं, तिथले कागद इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात शोधून उपयोग नाही.

टिपणं सुट्या कार्डांवर घ्यायला लावा, वहीत नको. एका कार्डावर एकच नोंद. वर साधनाचं नाव, तारीख, पान. मधे जसाच्या तसा उतारा अवतरणचिन्हांत. खाली दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने मुलाचं स्वतःचं मत. रंग वेगळा ठेवला नाही तर ऑक्टोबरात उतारा कुठला आणि आपलं वाक्य कुठलं हे मुलालाच कळत नाही, आणि मग नकळत चोरी होते. पुराभिलेखागारात पेन चालत नाही, पेन्सिलच न्या.

मृतांचा किंवा जखमींचा आकडा सरकारी पत्रकात एक आणि वर्तमानपत्रात दुसरा असेल, तर मुलं मधला आकडा काढतात किंवा मोठा घेतात. दोन्ही चूक. दोन्ही आकडे द्यायचे, कोणी आणि कधी सांगितले ते लिहायचं, आणि फरक का असावा यावर एक परिच्छेद लिहायचा. परीक्षकांच्या लेखी तो परिच्छेद सगळ्यात मोलाचा असतो.

उत्तर: साचेखाता

चादरीच्या गटाबद्दल. चादरीचा 'इतिहास' करू नका, एका गल्लीतले माग करा. पूर्व भागातली, म्हणजे शहरातल्या विणकरांच्या वस्तीतली, एक गल्ली घ्या आणि एवढंच विचारा: इथे हातमागाच्या जागी यंत्रमाग कधी आणि कोणत्या क्रमाने आले?

मुलाखती आठ ते दहा पुरेत, पण त्यांत मालक, विणकर आणि घरात कांड्या भरणाऱ्या बायका असे तिन्ही प्रकार हवेत. सगळ्या मुलाखती मालकांच्याच झाल्या तर तो धंद्याचा इतिहास होतो, कामाचा होत नाही. सुरुवातीला संमतीपत्रावर सही घ्या: नाव छापायचं की नाही, आवाज फलकाजवळ ऐकवायचा की नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना माग चालू असलेल्या खोलीत बसू नका, त्या खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही. दुपारी वीज गेल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी जा.

प्रश्न विचारताना उत्तर तोंडात घालायचं नाही. 'तेव्हा फार हाल होते ना?' याला सगळे हो म्हणतात. 'सकाळी माग सुरू केल्यापासून रात्रीपर्यंत काय काय करत होता?' असं विचारलं की माणूस आपोआप खरं सांगायला लागतो. साल विचारू नका, सालं लोकांना आठवत नाहीत. 'मोठ्या मुलाच्या जन्माआधी की नंतर?', 'आणीबाणीच्या आधी की नंतर?' असं विचारा आणि साल मुलांनी काढावं. मग प्रत्येक सालाला कागदाचा आधार शोधा: वीजजोडणीचं बिल, माग विकत घेतल्याची पावती, कर्जाचं पासबुक, सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला. हे घराघरांतल्या पत्र्याच्या पेटीत असतं. तिथल्या तिथे फोटो काढा, कागद घरी आणू नका.

एक महत्त्वाचं: पूर्व भागातल्या आजी तेलुगूत मोकळ्या बोलतात, मराठीत मोजकं. गटात तेलुगू येणारी मुलगी असेल तर मुलाखत तेलुगूतच होऊ द्या, तिने ती शब्दशः उतरवावी आणि शेजारी मराठी अनुवाद ठेवावा. तासाभराची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात, वेळापत्रकात तेवढे धरा. गिरणीकडे वळायचं असेल तर 1877 ला सुरू झालेल्या जुन्या मिलबद्दल छापील मजकूर मिळेल, पण तिथे काम केलेल्यांच्या आठवणी आता मुलांच्या, नातवांच्या तोंडून येतात. ती ऐकीव माहिती आहे, तशी नोंद करा.

उत्तर: भीमाकाठ

गड्ड्याच्या यात्रेसाठी एक प्रश्न सुचवतो: प्लेगच्या वर्षांत यात्रा भरली का, भरली तर कोणत्या निर्बंधांखाली? मुंबईत प्लेग 1896 ला आला, साथरोग कायदा 1897 चा. म्हणजे 1897 ते 1900 च्या जानेवारीचे वर्तमानपत्रांचे अंक आणि सरकारी प्लेग अहवाल एवढंच बघायचं. सात नंदीध्वज आणि अडुसष्ट लिंगांचं वर्णन पुस्तकांत आहेच, ते अर्ध्या पानात संपवा. 'भरली नाही' असं उत्तर निघालं तरी चालेल. 'अंकांत काहीच सापडलं नाही' हेसुद्धा लिहायचं, फक्त कोणते अंक पाहिले त्यांची यादी द्यायची.

गावाकडची मुलं असतील तर आपल्या गावातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव दगड) मोजणं हाही पक्का प्रकल्प आहे. उंची-रुंदी-जाडी सेंटिमीटरमध्ये, तोंड कुठल्या दिशेला, किती पट्टे, कुठल्या पट्ट्यात लढाई, कुठे शिवलिंगाची पूजा. फोटोत शेजारी फूटपट्टी हवीच. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना काढा, भर दुपारी कोरीवकाम सपाट दिसतं. दगडावर खडू, तेल, पाणी काही लावू नका आणि शेंदूर खरवडू नका. आपल्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या शके 940 च्या शिलालेखाचा मोह मात्र टाळा, त्यावर तज्ज्ञांनी भरपूर लिहिलंय. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघातली तारीख बहुधा पुढच्या सनात जाते, तिथे 79 धरावे लागतात.

प्रश्नकर्ती: वर्गशिक्षिका_नववी_ब

खूप उपयोग झाला. दोन शंका. मुलांना मुंबईला नेणं शक्य नाही, त्याचं काय? आणि मसुदा तपासताना मी किती हात घालायचा? वाक्य नीट करून दिलं की ते माझंच होतं.

उत्तर: दप्तरखाना

मुंबईशिवायही प्रकल्प होतो, केसरीचा प्रश्न त्यासाठीच सुचवला. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' संकेतस्थळ बघा, तिथे बऱ्याच फाइली घरबसल्या वाचता येतात. फाइल क्रमांक आणि पान संदर्भसूचीत लिहा, नुसता दुवा चालत नाही.

मसुद्यात वाक्य अजिबात दुरुस्त करू नका. समासात 'हे कशावरून?' एवढंच लिहा. मूल कार्डांच्या गठ्ठ्याकडे जातं, आणि कार्ड नसेल तर वाक्य स्वतःच खोडतं. शुद्धलेखन शेवटच्या आठवड्यात. फलकावर मजकूर कमी ठेवा. अमेरिकेत 1974 पासून चालणाऱ्या नॅशनल हिस्टरी डे स्पर्धेत फलकावर मुलांचे स्वतःचे शब्द 500 च्या आत ठेवावे लागतात, तोच आकडा धरा. तोंडी परीक्षेसाठी प्रत्येक मुलाकडून तीन प्रश्नांची तयारी करून घ्या: तुमचं सगळ्यात भरवशाचं साधन कोणतं, कोणत्या साधनावर विश्वास ठेवला नाही आणि का, अजून महिना मिळाला तर कुठला कागद बघाल. गटातलं एकच मूल बोलत राहिलं तर गुण जातात, म्हणून सरावात प्रश्न नाव घेऊन विचारा.