अनुभव धागा : गाडी दिली, पण नावावरून गेली का?

मागच्या आठवड्यात अमळनेरला एका साखरपुड्यात पंगतीला शेजारी साडू बसले होते. वरण-बट्टी कालवता कालवता सहज म्हणाले, "तुमची ती पांढरी वॅगनआर ना, ती अजून तुमच्याच नावावर आहे बरं का." गाडी त्यांना देऊन तीन वर्षं झाली. पैसे आले, चावी दिली, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या केल्या, बोनेटसमोर नारळही फोडला. फॉर्म त्यांच्या कपाटात तसेच पडून. घरच्या माणसाला 'कागद केले का' असं विचारायचं कसं, म्हणून मी गप्प. घरचीच गाडी आहे, घाई काय, म्हणून तेही गप्प. बट्टी घशाखाली उतरेना.

म्हणून हा धागा. कार, ट्रॅक्टर, फटफटी, काहीही चालेल. दुसऱ्याच्या नावावर करताना, किंवा न केल्यामुळे, जे झालं ते लिहा. ऑफिस, बँक, माणूस यांची नावं नकोत. आपल्याकडे १८, १९ आणि ३९ च्या पासिंगला (धुळे, जळगाव, नंदुरबार) एका बाजूने गुजरात लागतं आणि दुसऱ्या बाजूने मध्य प्रदेश, तेव्हा हद्दीपलीकडचे अनुभवही येऊ द्या.

भुसावळचा गार्डबाबू

मी स्विफ्ट विकली ती नाशिककडच्या एका पोराला. आरसी (नोंदणीचं कार्ड), विमा सगळं दिलं, काचेवरचा फास्टॅग मात्र काढायचा राहिला. तो माझ्या खात्याला जोडलेला. महिनाभराने पहाटे तीनला लळिंगच्या टोलचा मेसेज. मी नाईट ड्युटीवर, फोन घरी. सकाळी आलो तर बायको चहाही न देता विचारते, "तुम्ही तर यार्डात होते ना?"

टॅग बँकेला फोन करून बंद केला. मग चलनं सुरू झाली. वेग जास्त, सीटबेल्ट नाही, सिग्नल तोडला. फोटोत नंबर माझा, गाडी माझी, आत कोण बसलंय देव जाणे. पोराला फोन केला तर तो म्हणे, "काका, मी ती कधीच पुढे दिली." कशी दिली? मीच दिलेल्या टीटी फॉर्मवर. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, खाली माझी सही. घाईत कोरेच दिले होते. असे फॉर्म हातोहात कुठवरही जातात.

सुटका झाली ती निव्वळ नशिबाने. तिसऱ्या मालकाला त्या गाडीवर कर्ज हवं होतं, आणि गाडी नावावर असल्याशिवाय बँक त्याला दारात उभं करेना. त्याने नाक मुठीत धरून सगळी चलनं भरली आणि मला शोधत भुसावळला आला. चहा मीच पाजला.

पाचोऱ्याची बाई

शिक्षिका आहे. कर्ज माझ्या पगारावर मिळालं म्हणून गाडी माझ्या नावावर, चालवायचे हे. यांनीच ती विकली. स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार, सगळं रीतसर. दीड वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडीने एका सायकलस्वाराला उडवलं होतं आणि जाब देणाऱ्यांत माझं नाव. मी आयुष्यात गिअर टाकलेला नाही.

वकिलांनी नोटरीचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल त्यांनी दाखवला. त्या गाडीचे तर एकापाठोपाठ एक व्यवहार झाले होते, तरी भरपाई आली ती नोंदीवरच्या पहिल्या मालकावर. माझ्या बाबतीत विमा चालू होता, भरपाई विमा कंपनीने दिली. पण दोन वर्षं तारखांना मीच गेले. दर तारखेला एक किरकोळ रजा.

चाळीसगाव

मी घेणारा, आणि मीही शहाणा नव्हतोच. जुनी कार घेतली, विमा आठ महिने शिल्लक म्हणून खूश. पारोळ्याजवळ पुढची बाजू ठोकली. क्लेम नामंजूर, कारण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर आपोआप येतो, आपल्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विकणारा घेऊन गेला होता, ते कायदेशीरच. रेडिएटरचे पैसे गेले.

शिंदखेड्याचा जिभाऊ

आमचा विषय ट्रॅक्टरचा. वडील ऐन पावसाळ्यात गेले. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तसं कळवलं तर तीन महिने वाहन वापरता येतं आणि तेवढ्यात फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायचं, हे आम्हाला कोण सांगणार? तेरावं झालं, वेचणी आली, ट्रॅक्टर कापूस वाहत राहिला. विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा एजंटाने विचारलं, मालक कुठे आहेत?

मृत्यूचा दाखला होता. बाकीच्या वारसांची संमती हवी होती. आई, आम्ही दोघं भाऊ आणि चार बहिणी. एक सुरतला, एक कल्याणला, एक बऱ्हाणपूरला, धाकटी नाशिकला. चौघींना एका दिवशी एका जागी आणायचं म्हणजे आखाजीच (अक्षय्य तृतीया). ओळखीच्या नोटरी वकिलांना घरीच जेवायला बोलावलं. खापरावरचे मांडे म्हटल्यावर ते नाही म्हणाले नाहीत. अंगणात झोका चालू, ओट्यावर सह्या. धाकटीने पेन हातात घेतलं आणि म्हणते, "दादा, ट्रॅक्टरमां मना वाटा कितला?" सगळ्या हसल्या. आई उठून आत गेली.

सह्या झाल्यावर कळलं की ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं. तिचे कागद पुन्हा पहिल्यापासून. धाकटी गाडीत बसली होती, तिला स्टँडवरून परत आणलं.

नंदुरबार

आजोबांची स्कूटर माझ्या नावावर करायची होती. ऑनलाइन सोपं आहे, आधारवर ओटीपी आला की झालं. आजोबांच्या आधारला नंबर सुरतच्या काकांचा. काका मिलमध्ये, फोन लॉकरमध्ये. ते जेवायला बाहेर येईपर्यंत ओटीपी शिळा. तीन दिवस हाच खेळ. चौथ्या दिवशी काकांनी सुट्टी टाकली, आजोबांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शिरपूर

सेंधव्याच्या माणसाला गाडी दिली. जेमतेम तासाभराचा रस्ता, पण राज्य दुसरं. फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला) काढावी लागते. त्याआधी कर्जाचा बोजा उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. माझ्या बँकेच्या पत्रावर तीन महिन्यांची मुदत छापलेली होती, ती मी चौथ्या महिन्यात वाचली. तिकडे घेणाऱ्याला कर नव्याने भरावा लागतो, हे सौदा ठरतानाच बोलून घ्या. आमचं नंतर बोलणं झालं आणि जरा मोठ्याने झालं.

धुळ्याचा एजंट

मी एजंट आहे. शिव्या द्यायच्या त्या आधी देऊन घ्या.

फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने द्यायची सूचना. गाडी राज्यातच राहणार असेल तर मुदत १४ दिवस. फॉर्म ३० म्हणजे नावावर करण्याचा अर्ज, घेणाऱ्याला ३० दिवस. कारची हस्तांतराची सरकारी फी ३०० रुपये, दुचाकीची १५०, स्मार्टकार्डचे २०० वेगळे. वरचे माझे, ते मी लपवत नाही. माझं काम पेन्सिल घासून चेसिसचा छाप काढणं, तुमची आधार आणि आरसीवरची स्पेलिंगं जुळवणं आणि तुम्हाला चारदा फोन करणं. 'पाटील' चे इंग्रजीत किती प्रकार होतात ते मला विचारा.

गाडी डीलरला देत असाल तर तो अधिकृत आहे का ते बघा. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. रस्त्याकडेला शेड टाकून बसलेला प्रत्येक जण अधिकृत नसतो, आणि तोच दोन हजार जास्त देतो.

आरसीची १५ वर्षं संपत आली असतील तर आधी ते नूतनीकरण. आणि धागा काढणाऱ्या दादांना एक विचारतो, वॅगनआर किती सालची?

धागाकर्ता

२०१६ ची.

धुळ्याचा एजंट

मग एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट आधी लावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती लागते, तिच्याशिवाय अर्ज अडकतो. पीयूसी चालू ठेवा, चलन आहे का तेही बघून घ्या.

धागाकर्ता

बघितलं. दोन चलनं निघाली, दोन्ही साडूंची. एक तर त्याच साखरपुड्याच्या दिवसाचं, नो पार्किंग. भरतो म्हणाले आहेत. प्लेट लागली, पीयूसी झालं. आत्ता संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघं फोन घेऊन बसलो आहोत. माझा ओटीपी लागला. साडूंचा आला, पण चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांनी ८ चा ३ वाचला. परत पाठवतोय.