मदत हवी आहे: पोर्ट लुईस, २ दिवस, सोबत आईबाबा

नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन मॉरिशसला जातोय. पोर्ट लुईससाठी दोनच दिवस आहेत. आप्रवासी घाट पक्का; गिरमिटिया (करारावर आणलेले) मजूर बोटीतून उतरून ज्या पायऱ्या चढले, त्या बाबांना बघायच्याच आहेत. ब्लू पेनी म्युझियममधली १८४७ ची मूळ टपाल तिकिटं तासातून थोडाच वेळ उजेडात दिसतात म्हणे, एरवी प्रतिकृती. मग नेमकं कधी पोचावं? पांपलमूसची बाग एका सकाळीत होते का? तिथल्या कमळांची परातीएवढी पानं आईला दाखवायचीत, पण तिचे गुडघे दुखतात. आत बसायला बाकं, छोटी गाडी वगैरे आहे? टेकडीवरच्या फोर्ट अ‍ॅडलेड किल्ल्याला टॅक्सी वरपर्यंत जाते का? शॅमरेल (रंगीत मातीचं ठिकाण) दुसऱ्या टोकाला, ते वेगळ्या दिवशी करू. मॉल मात्र सुचवू नका, प्लीज!